किल्ली कोणाकडे आहे?

(महाविद्यालयांत वाचनगट चालवणाऱ्या शिक्षिका आणि कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे. – संपादक)

मैत्रिणींनो, आणि मागच्या रांगेत बसलेले दोघेतिघे मित्रहो,

आज मी कशावर बोलणार आहे हे ऐकून आमच्या केंद्रातल्या सहकारी हसल्या होत्या. कॉलेजच्या मुलामुलींबरोबर गॉथिक भयकथा कशा वाचायच्या आणि त्यांच्याकडून त्यावर लिहून कसं घ्यायचं, हा विषय. एक जण म्हणाली, "अगं, आपल्याकडे रोज येणाऱ्या बायांचं ऐकून झोप उडते, आणि तू विलायतेतली भुतं कशाला आणतेस?" तिचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण त्या विलायती भुतांनी मला माझ्या कामातली एक चूक दाखवली. ती चूक सांगायलाच मी आले आहे. वाचनाबद्दल बोलेन ते त्या ओघात.

मी साहित्याची प्राध्यापक नाही. शिक्षण समाजकार्याचं, काम कौटुंबिक सल्ला केंद्रात. आमच्या तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात इंग्रजीच्या एक बाई आहेत, त्यांनी एकदा बोलावलं. त्यांच्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला शार्लट ब्राँटेची 'जेन एअर' होती. मुलं कादंबरी वाचत नव्हती, गाइड वाचत होती. बाईंची अपेक्षा अशी की मी तासभर 'स्त्रियांचे प्रश्न' या विषयावर बोलावं, म्हणजे मुलांना 'दृष्टी' येईल. मी म्हटलं, भाषण नको, आपण मिळून वाचू. आठ शनिवार मिळाले, दर शनिवारी दोन तास. तेवीस जण होते, सतरा मुली आणि सहा मुलगे. निम्मे जण एस.टी.ने येणारे, त्यामुळे पाच वाजता विषय कितीही रंगात आलेला असला तरी उठायचंच. मूळ मजकूर इंग्रजीत, चर्चा मराठीत, लिखाण ज्याला ज्यात जमेल त्यात. हे आधीच ठरवून टाकलं ते बरं झालं. इंग्रजीच्या धाकाने मुलं जे विचारत नाहीत, ते मराठीत पहिल्या दहा मिनिटांत विचारतात.

पहिला प्रश्न आला तो शब्दाचाच. गॉथिक म्हणजे काय? मुंबईची छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची इमारत आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर सगळ्यांनी पाहिलेला असतो, निदान फोटोत. त्या टोकदार कमानी आणि मनोरे म्हणजे युरोपातल्या मध्ययुगीन गॉथिक बांधणीची एकोणिसाव्या शतकातली नक्कल. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'गॉथिक' म्हणजे जुनाट, रानटी काळातलं, असा अर्थ होता. होरेस वॉल्पोलने १७६४ साली 'कॅसल ऑफ ओट्रँटो' छापली, ती आधी जुन्या इटालियन हस्तलिखिताचं भाषांतर म्हणून. दुसऱ्या आवृत्तीत, १७६५ साली, स्वतःची म्हणून कबूल केली आणि तिला 'गॉथिक गोष्ट' म्हटलं. तिथून हे नाव रुळलं.

ही सनावळी मी एवढ्यातच उरकते, तुम्हीही उरकावी. त्यापेक्षा गोष्ट सांगावी. मॅनफ्रेड नावाचा सरदार. त्याचा एकुलता मुलगा ऐन लग्नाच्या दिवशी आभाळातून पडलेल्या प्रचंड शिरस्त्राणाखाली चिरडून मरतो. वर्ग हसतो, हसू द्यावं. मग पुढे काय? मुलाच्या प्रेताशेजारी बाप शोक करत बसत नाही. वंश बुडणार, म्हणून तो त्याच रात्री ठरवतो की बायकोला सोडायचं आणि होणाऱ्या सुनेशी, इझाबेलाशी, स्वतःच लग्न करायचं. बायको काय, तिला आता मुलगा व्हायचा नाही. तसबिरीतला आजा चौकटीतून खाली उतरतो ते यानंतर. इझाबेला किल्ल्याखालच्या भुयारातून पळते, हातातला दिवा विझतो. मी विचारलं, "तिला भीती कोणाची वाटते? तसबिरीची, अंधाराची, की मागून येणाऱ्या माणसाची?" मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "ताई, अंधार तर तिला लपवतोय." या एका वाक्यावर आमचा पहिला शनिवार संपला. पुढच्या सगळ्या वाचनाचं सूत्र तिने नकळत दिलं होतं.

मग ॲन रॅडक्लिफ, 'उडोल्फोची रहस्यं', १७९४. ती सबंध वाचायला सांगाल तर वर्ग रिकामा होईल. कथानक सांगावं आणि निवडक पानं वाचावीत. एमिली अनाथ होते, आत्याकडे येते. आत्या माँटोनी नावाच्या माणसाशी लग्न करते आणि तो दोघींना डोंगरातल्या किल्ल्यात नेऊन ठेवतो. तिथे काळा पडदा आहे, मध्यरात्रीचे आवाज आहेत. पण रॅडक्लिफची गंमत अशी की तिच्या कादंबऱ्यांत भुताचं शेवटी साधं कारण निघतं. पडद्यामागचं प्रेत मेणाचं असतं. खरं काय असतं? आत्याच्या नावावर फ्रान्समध्ये जमीन आहे, तिच्यावर माँटोनीला सही हवी आहे. आत्या सही देत नाही. तो तिला बुरुजात कोंडतो. ती आजारी पडून मरते, आणि मग तोच कागद एमिलीपुढे येतो.

इथे वर्गात एकदम कुजबुज झाली. एक मुलगी उठली. कधी बोलत नसे. म्हणाली, "ताई, हे तर हक्कसोड."

आता यावर मी काय शिकवणार? वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती आपल्या राज्याने १९९४ साली केली आणि देशाने २००५ साली, हे वर्गातल्या अर्ध्या जणांना माहीत होतं. आणि तलाठ्याकडे भावाने आणलेल्या कागदावर आई, आत्या, मावशी कशा मुकाट सही करून येतात, हे सगळ्यांनाच माहीत होतं. बुरुजात कोणी कोंडत नाही. माहेरची वाट बंद होईल, एवढं न बोलता कळवलं जातं. त्या मुलीने पुढे निबंध लिहिला तो पडद्यामागच्या मेणाच्या प्रेतावर नव्हता, न केलेल्या सहीवर होता. आत्या कादंबरीत मूर्ख, दिखाऊ, एमिलीला जाच करणारी दाखवली आहे; पण सहीच्या बाबतीत ती हटत नाही. 'बाई चांगली नसली तरी तिचा हक्क तिचाच असतो,' असं तिने लिहिलं होतं. केंद्रात काम करताना 'चांगल्या' बाईची बाजू घेणं सोपं जातं, हे मला ठाऊक आहे. म्हणून ते वाक्य मी जपून ठेवलं आहे.

एक सांगायचं राहिलं. दोन आठवडे मी वर्गात 'पुरुषप्रधान संस्कृती' हे शब्द लिहायला बंदी केली होती. या मासिकाच्या वाचकांना राग येईल, पण कारण ऐका. पहिल्या शनिवारी मिळालेल्या तेवीस कागदांपैकी बहुतेकांवर एकच वाक्य होतं, की लेखिकेने पुरुषप्रधान संस्कृतीवर कठोर प्रहार केला आहे. प्रहार कोणत्या पानावर, कशाने, कोणाला लागला, याचा पत्ता नाही. आपणच भाषणांतून हे शब्द इतके वाटले आहेत की ते आता गाइडमध्येही सापडतात. त्यांच्या आड मुलांना न वाचता लपता येतं. बंदी आली तशी मुलं चिडली, मग वाचू लागली.

बंदीऐवजी त्यांच्या हातात काय दिलं? एक कोरा कागद, आणि घराचा नकाशा काढायला सांगितला. 'जेन एअर'मधलं थॉर्नफील्ड. स्वयंपाकघर कुठे, जेन कुठे झोपते, तिसऱ्या मजल्यावर काय आहे. आणि प्रत्येक दारापाशी लिहायचं, किल्ली कोणाकडे? ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: जेन गरीब, अनाथ, रॉचेस्टर नावाच्या जमीनदाराकडे त्याच्या छायेत वाढणाऱ्या मुलीला शिकवायला राहते. घरात रात्री विचित्र हसणं ऐकू येतं, आग लागते, एका पाहुण्याचे लचके तोडले जातात. रॉचेस्टर जेनशी लग्नाला उभा राहतो तेव्हा चर्चमध्ये कळतं की त्याची पहिली बायको, बर्था, जिवंत आहे. ती तिसऱ्या मजल्यावर, भिंतीवरच्या पडद्याआडच्या दारामागे, खिडकी नसलेल्या खोलीत दहा वर्षं आहे. नकाशा भरताना मुलांच्या लक्षात आलं की रॉचेस्टरकडे सगळी दारं उघडणारी किल्ली आहे, राखणदारीण ग्रेस पूलकडे एक आहे, आणि जेनला त्या घरात प्रेम मिळतं, पगार मिळतो, किल्ली मात्र मिळत नाही. दोघीतिघींनी कागदाच्या मागे, मी न सांगता, आपापल्या घरांचे नकाशे काढले होते. कपाटाची किल्ली आजीच्या कमरेला. मी ते पाहिले आणि काही न बोलता परत दिले.

दुसरं साधन म्हणजे तीन रकाने. जेनने स्वतः काय पाहिलं किंवा ऐकलं, तिला दुसऱ्याने काय सांगितलं, आणि आपण काय ताडतो. बर्थाबद्दल पहिल्या रकान्यात फार थोडं येतं: हसणं, एका रात्री लग्नाचा पदर फाडणारी उंच बाई, जखमी पाहुणा, आणि शेवटी त्या खोलीत काही मिनिटं. दुसरा रकाना मात्र ओसंडून वाहतो, आणि तो जवळजवळ सगळा रॉचेस्टरच्या तोंडचा असतो. तिची आई वेडी होती, ते घराण्यातच आहे, लग्नाआधी मला सांगितलं नाही, मला फसवलं, ती दारू पिते, तिची चाल बरी नाही.

हा रकाना फळ्यावर लिहिता लिहिता माझा हात थांबला. कारण हे मी लिहिलेलं होतं. कादंबरीबद्दल नव्हे. केंद्रातल्या केसपेपरवर, गेली कित्येक वर्षं, याच क्रमाने. 'तिच्या माहेरी सगळेच तसले, मॅडम. आम्हांला आधी कळवलं नाही. फसवणूक झाली.' आमच्या कागदावर 'माहिती देणारी व्यक्ती' अशी एक ओळ असते, तिच्यापुढे मी 'पती' असं लिहीत आले, आणि शेजारी 'माहिती पुरेशी'. शिकताना आम्हांला शिकवलं होतं की माहिती देणाऱ्याची विश्वासार्हता तपासा. पण बाई गप्प बसलेली असते, नवरा नीट, तारीखवार बोलतो, बाहेर रांग असते. जो सुसंगत बोलतो त्याची गोष्ट कागदावर जाते.

मी तावातावाने वर्गाला सांगितलं, "बघा, सबंध कादंबरीत बर्था एक शब्दही बोलत नाही!" पुढच्या शनिवारी एक मुलगा पान उघडूनच आला. "ताई, बोलते. तिचा भाऊ सांगतो, तिने काय धमकी दिली ते." खरंच आहे तसं. जखमी झालेला भाऊ तिचं बोलणं सांगतो. म्हणजे तिचे शब्द आहेत, पण तेही दुसऱ्या रकान्यात, भावाच्या तोंडून. माझ्यापेक्षा त्याचं वाचन बारीक निघालं. मी ते वर्गापुढे कबूल केलं. त्या दिवसापासून मुलं माझी वाक्यंही पानाशी ताडून पाहू लागली.

त्याच मुलाने विचारलं, "पण रॉचेस्टरने करायचं काय होतं? घटस्फोट तर मिळत नव्हता." प्रश्न रास्त होता, मी तो झटकला नाही. इंग्लंडमध्ये १८५७पर्यंत घटस्फोटासाठी पार्लमेंटचा स्वतंत्र कायदा करून घ्यावा लागे, आणि बायकोचं वेड हे कारण कायद्यात आलं ते थेट १९३७ साली. रॉचेस्टर म्हणतो की दुसरं घर दमट आहे, तिथे ती लवकर मेली असती, म्हणून तिथे ठेवली नाही. हेही दुसऱ्या रकान्यातलंच, पण लिहायला हवं. आणि हेही लिहायला हवं की बर्थाबरोबर तीस हजार पौंड आले होते. थोरल्या मुलाकडे जमीन एकसंध राहावी म्हणून बापाने धाकट्याचं लग्न जमैकातल्या पैशाशी लावलं. "आपल्याकडे वेड हे घटस्फोटाचं कारण १९५५च्या कायद्यातच आहे," मी म्हटलं, "मग आपल्याकडचा रॉचेस्टर काय करतो?" तीनचार मुली एकदम म्हणाल्या, "माहेरी सोडून येतो."

एका मुलीने मात्र सगळ्यांना थांबवलं. "ताई, पण ती खरंच आजारी असेल तर? आपण तिला नुसती बिचारी करतोय." हा मुद्दा तुमच्या वर्गात कोणी काढला नाही तर तुम्ही काढा. सँड्रा गिल्बर्ट आणि सुझन गुबर यांनी १९७९ साली बर्थाला जेनच्या दाबलेल्या संतापाचं रूप म्हणून वाचलं, आणि ते वाचन जगभर शिकवलं जातं. ते मोलाचं आहे. पण आजारी बाईला कोणाच्या तरी रागाचं प्रतीक करून टाकलं की तिला पुन्हा एक खोली मिळते, एवढंच. तिला आजार असू शकतो, आणि तिच्यावर अन्यायही झालेला असू शकतो. केंद्रात येणाऱ्या बायांच्या बाबतीत या दोन गोष्टी एका कागदावर लिहिणं मला अजूनही जड जातं.

सर्वांत चांगला निबंध कोणाचा होता सांगू? त्या पान उघडून आलेल्या मुलाचा. त्याने लिहिलं ग्रेस पूलवर. त्याची आई इस्पितळात आयाचं काम करते, रात्रपाळीला. जेनला वर्षाला तीस पौंड मिळतात, आणि ग्रेसला पुढे दोनशे पौंड देईन असं रॉचेस्टर म्हणतो, हे आकडे त्याने शोधले. शिकलेल्या बाईपेक्षा राखणदारणीचा मोल इतका जास्त का? कारण तिच्याकडून गुपित राखून घ्यायचं आहे. ग्रेस पिते म्हणून बर्था सुटते, असं सगळे म्हणतात. रात्रभर एकटीने जागणाऱ्या बाईची बदली कोणी ठेवली होती का, हे कोणी विचारत नाही. मी इतकी वर्षं ही कादंबरी ऐकून आहे, ग्रेस पूल मला कधी दिसली नव्हती.

त्यानंतर जीन रीसच्या 'वाइड सारगॅसो सी'मधली (१९६६) काही पानं वाचली. डॉमिनिकात जन्मलेल्या या लेखिकेने बर्थाचं आधीचं आयुष्य लिहिलं. तिथे तिचं नाव आंत्वानेत आहे, 'बर्था' हे नवरा ठेवतो. हे समजावून सांगावं लागलं नाही. ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने नवरीचं नवं नाव लिहिलेलं प्रत्येकीने पाहिलेलं होतं. एकीने मुद्दाम आजीला जाऊन विचारलं की तुझं लग्नाआधीचं नाव काय होतं. आजीने सांगितलं, आणि मग बराच वेळ गप्प राहिली म्हणे.

आता शेवटच्या गोष्टीकडे येते. अमेरिकन लेखिका शार्लट पर्किन्स गिल्मन, गोष्टीचं नाव 'द यलो वॉलपेपर', १८९२. 'वॉलपेपर' म्हटल्यावर वर्गाच्या डोळ्यांपुढे मोबाइलचा पडदा आला. भिंतीला खरा कागद चिकटवतात हे सांगण्यात पाच मिनिटं गेली. बाळंतपणानंतर मन खचलेली एक बाई. नवरा डॉक्टर, भाऊ डॉक्टर. दोघांचं मत एकच, तिला काही झालेलं नाही, विश्रांती हवी. उन्हाळ्यापुरतं मोठं घर भाड्याने घेतात. तिला खालची खोली आवडते, नवरा वरची देतो. वरच्या खोलीला खिडक्यांना गज आहेत, भिंतींत कड्या आहेत, पलंग जमिनीला ठोकलेला आहे. तिला लिहायला बंदी आहे. ती चोरून लिहिते, आणि आपण वाचतो ते तेच लिखाण. हळूहळू तिला भिंतीवरच्या नक्षीमागे सरपटणारी बाई दिसू लागते.

गिल्मनवर हे गुदरलं होतं. मुलीच्या जन्मानंतर, १८८७ साली, फिलाडेल्फियाच्या वेअर मिचेल या नामवंत डॉक्टरांनी तिला विश्रांतीचा उपचार सांगितला: होता होईल तो घरगुती आयुष्य जगायचं, बौद्धिक काम दिवसाला फक्त दोन तास, आणि लेखणीला हात लावायचा नाही. ती वेडाच्या काठावर पोहोचली तेव्हा तिने तो उपचार सोडून दिला. हे सगळं तिने स्वतः १९१३ साली लिहून ठेवलं आहे. वंशांबद्दलची गिल्मनची मतं वाईट होती, तेही मुलांना सांगावं. चांगली गोष्ट लिहिणारी बाई सगळ्याच बाबतींत आपली नसते.

गोष्टीच्या शेवटी ती आतून कुलूप लावते आणि किल्ली खिडकीतून खाली टाकते. पहिल्यांदाच किल्ली तिच्या हातात येते, आणि ती टाकून देते. नवरा दार ठोठावतो तेव्हा ती सांगते की किल्ली पायरीपाशी 'प्लँटेन'च्या पानाखाली आहे. माझ्या वर्गाने एकमुखाने तिला केळीच्या पानाखाली घातलं! ते वेगळं, वाटेकडेला उगवणारं आडवं तण आहे. तुमच्याकडे झेरॉक्स वाटाल तेव्हा समासात लिहून ठेवा.

या गोष्टीवरच्या लिखाणात एका मुलीने दोन पानं गोष्टीवर लिहिली आणि तिसऱ्या पानावर तिच्या काकूबद्दल. तिच्या परवानगीने सांगते आहे, ओळख पटेल असं सगळं बदलून. दुसऱ्या बाळंतपणानंतर काकू बोलेनाशी झाली. देवऋषी झाला, बाहेरची बाधा म्हणून झालं, मग घरामागच्या खोलीत तिची सोय केली. दाराला बाहेरून कडी. मोठ्याने वाचू नका, असं वर लिहिलेलं होतं.

मी काय केलं? तास संपल्यावर तिला बाजूला घेतलं आणि विचारायला लागले. काकूचं वय काय, किती वर्षं झाली, मुलं किती, मारहाण आहे का, घरात निर्णय कोण घेतं. तिने दोन प्रश्नांची उत्तरं दिली आणि एस.टी. चुकेल म्हणून निघून गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी आली आणि वर्ग भरण्याआधी मला म्हणाली, "ताई, मी गोष्टीबद्दल लिहिलं होतं. तुम्ही केस लिहायला घेतलीत."

मला उत्तर सुचलं नाही. तीन रकाने मीच शिकवले होते, आणि काकूबद्दलची सगळी माहिती दुसऱ्या रकान्यात घालून मी कागद बंद करायला निघाले होते. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्दँगर ॲबी'त एक मुलगी भयकथा वाचून वाचून पाहुणी म्हणून गेलेल्या घरात जुनं कपाट उघडते, तिला वाटतं गुप्त हस्तलिखित सापडलं, आणि सकाळी पाहते तर धोब्याची बिलं. यजमानाने बायकोचा खून केला असेल, असंही तिला वाटतं. तसं काही नसतं. पण तोच यजमान, ती श्रीमंत नाही असं कळताच तिला एकटीला घराबाहेर काढतो. आपण कार्यकर्त्या या दोन्ही टोकांना चुकतो. जिथे बिलं आहेत तिथे खून पाहतो, आणि जिथे खरंच कोणी बाहेर काढलं जातंय तिथे प्रश्नावली भरत बसतो.

मी तिला एवढंच विचारलं, "तुला माझ्याकडून काय हवंय?" ती म्हणाली, "अजून काही नको." तीन आठवड्यांनी तिने जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आजारांच्या बाह्यरुग्ण विभागाचा वार विचारला. मी वार सांगितला. बाळंतपणानंतरच्या अशा आजाराला औषधोपचार आहे, कोणालाही साखळीने बांधायला २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने बंदी आहे, हेही सांगितलं. घरच्या कोणाला आधी फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिला. ती, तिची आई आणि काका काकूला घेऊन गेले. मी सोबत गेले नाही. तिथे काय झालं ते तिने नंतर सांगितलं. डॉक्टरांनी विचारलं, काय त्रास आहे? काकांनी सुरुवात केली, केव्हापासून, कसं, काय काय केलं. ही मध्येच म्हणाली, "काकूला विचारा ना." काका तिच्याकडे बघतच राहिले. काकू बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पंखा लावा." खोलीत उकडत होतं.

पुढे काय झालं ते सांगण्यासारखं फार नाही. औषधं सुरू आहेत, मधून बंद पडली होती, परत सुरू झाली. कडी आता दिवसा काढलेली असते.

तेव्हा तुम्ही वाचनगट चालवाल तेव्हा एवढं करा. गोष्टीत काय काय आहे ते आधी सांगा, आणि कोणाला उठून जावंसं वाटलं तर जाऊ द्या. स्वतःचे अनुभव लिहा असा गृहपाठ देऊ नका. आपल्या शिबिरांतून अनुभवकथनाची सवय आपल्याला लागली आहे, ती वर्गात नेऊ नका, तिथे गुण देणारी बाई समोर बसलेली असते. मुली गोष्टीच्या आडून बोलतील, तो आडोसा काढून घेऊ नका. कोणी आपणहून बाहेर आली तर काय हवंय ते विचारा, आणि मदतीचे पत्ते आधीपासून जवळ ठेवा. भुताखेतांचा विषय निघाला की मुलं नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी आणतातच, हडळ आणि चेटकीणही आणतात. आणू द्या. बाळंतपणात मेलेली बाईच हडळ का होते, हा प्रश्न मग वर्ग स्वतःच विचारतो.

आमच्या केसपेपरवर मी आता 'माहिती देणारी व्यक्ती' या ओळीखाली हाताने आणखी एक ओळ आखते, बाईने स्वतः सांगितलेलं. ती बरेचदा कोरी राहते. छापील फॉर्म बदलायला वरून मंजुरी लागते, ती अजून आलेली नाही.

बाकी बोलणं चर्चेत करू. गिल्मनच्या गोष्टीच्या झेरॉक्स प्रती मागच्या टेबलावर ठेवल्या आहेत, दोघींत एक पुरतील. जेवण झालं की पहिली दोन पानं मिळून वाचू, आणि वाचता वाचता त्या खोलीचा नकाशा काढू. पेन्सिली मी आणल्या आहेत.